सात तारखेचा सावकार

शिरोलीच्या नाहीतर गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत महिन्याच्या सात तारखेला संध्याकाळी कुठल्याही कारखान्याच्या गेटवर उभे राहून पाहावे. समोरच्या चहाच्या टपरीपाशी दोन-तीन मोटारसायकली लागलेल्या असतात. त्यांवर बसलेली माणसे त्या कारखान्यात कामाला नसतात, पण पगार जमा झाल्याची बातमी कामगाराच्या घरी पोहोचण्याआधी त्यांना पोहोचलेली असते. शिफ्ट सुटली की चार-पाच कामगार मान खाली घालून त्यांच्याकडे जातात. कोणी कोणाशी मोठ्याने बोलत नाही. पाच मिनिटांत व्यवहार संपतो आणि कामगार उरलेला पगार घेऊन घरी जातो.

त्या मान खाली घातलेल्यांत बावीस महिने आम्हीही होतो. एका फौंड्रीच्या ऑफिसात आम्ही क्लार्क. बी.कॉम. झालेले. दीडशे माणसांचा हजेरीपट, ओव्हरटाइम, कपात यांचा हिशोब आमच्या हातून जातो आणि त्यात पाच रुपयांची चूक निघाली तर आम्हाला रात्री झोप लागत नाही. वस्तीत कोणाला फॉर्म भरायचा असो, अर्ज लिहायचा असो, आमच्याकडे येतात. असा माणूस दहा टक्के महिन्याच्या व्याजात अडकतो कसा, हे आम्ही इतकी वर्षे कोणाला सांगितले नव्हते. आज सांगतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला. आमच्या घरात छातीएवढे पाणी शिरले. माणसे वेळेवर बाहेर पडली, पण धान्य, अंथरूण-पांघरूण, मुलीची पुस्तके, शिलाई मशीन, सगळे चिखलात गेले. पाणी ओसरल्यावर घर धुऊन काढले, भिंतींना चुना मारला. दोन महिने उधारीवर काढले आणि ऑक्टोबरमध्ये ऑफिसातल्या एकाने त्या माणसाशी गाठ घालून दिली. त्याने आमची सगळी अडचण शांतपणे ऐकून घेतली. इतके सबुरीने त्या दिवसांत आमचे कोणीच ऐकले नव्हते. बँकेत आम्ही गेलो होतो, तिथे जामीनदार मागितले. नातेवाईक स्वतःच पुरात सापडलेले. हा म्हणाला, "साहेब, आपल्यात कागद कशाला? कार्ड ठेवा न् दोन चेक द्या, बास."

वीस हजार ठरले. पहिल्या महिन्याचे व्याज दोन हजार त्याने तिथेच कापून घेतले आणि अठरा हजार हातात दिले. एटीएम कार्ड त्याच्या खिशात गेले, पिन नंबर त्याच्या डायरीत गेला. सही केलेले दोन कोरे चेक त्याने घडी घालून ठेवले. सात तारखेला तोच पैसे काढणार, दोन हजार ठेवून बाकीचे आमच्या हातात देणार. मुद्दल कधी द्यायचे? "सवडीनं द्या की, कोण मागतंय?" हे वाक्य त्या दिवशी आम्हाला माणुसकीचे वाटले. खरा फास त्या वाक्यात होता. त्याला मुद्दल नकोच होते. मुद्दल परत आले की त्याचे दरमहाचे दोन हजार बंद होणार. तुमची सवड कधी होऊ नये, हाच त्याचा धंदा.

आमचा पगार तेव्हा चौदा हजारांच्या आसपास. त्यातून दोन हजार गेले की वीस तारखेनंतर घर उधारीवर चाले. दुकानदाराची उधारी फेडायची ती पुढच्या पगारातून. असे प्रत्येक महिना मागच्या महिन्याच्या खांद्यावर बसून येऊ लागला. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली. कारखाना बंद, पगार निम्मा. रिझर्व्ह बँकेने बँकांच्या कर्जदारांना मार्च ते ऑगस्ट अशी सहा महिने हप्त्यांची सवलत देऊ केली होती. आमच्या सावकाराकडे कसली सवलत! निम्म्या पगारातून त्याने दोन हजार पूर्ण काढून घेतले आणि उरलेले पैसे घरपोच आणून दिले. घरी आम्ही सांगितले की ऑफिसातला माणूस पगार पोहोचवून गेला. पत्नीने त्याला चहा करून दिला. तो चहा आठवला की आजही जिवाला लागते.

हे नवे नाही. १९२९ साली नेमलेल्या व्हिटले कमिशनने हिंदुस्थानातल्या कामगारांची पाहणी करून १९३१ मध्ये अहवाल दिला. बहुतेक औद्योगिक शहरांत दोन तृतीयांशांहून कमी नसतील इतकी कामगार कुटुंबे कर्जात आहेत आणि बहुतेकांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त आहे, असा त्यांचा अंदाज होता. रुपयाला महिन्याला एक आणा हा व्याजाचा नेहमीचा दर त्यांनी नोंदवला. म्हणजे वर्षाला शेकडा ७५. त्या काळी पगाराच्या दिवशी गिरणीच्या दरवाजात लाठी घेऊन पठाण उभा राही. त्यावरूनच आपल्या भाषेत पठाणी व्याज हा शब्द आला. आमचा दर महिन्याला शेकडा दहा, म्हणजे वर्षाला शेकडा १२०. पठाण बिचारा स्वस्त म्हणायचा. त्याच्या हातात लाठी होती, याच्या हातात आमचे कार्ड. कार्ड असले की लाठी लागत नाही.

२०२१ च्या जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा पूर आला आणि पुन्हा घरात पाणी शिरले. या वेळी हातउसने द्यायला कोणी उरलेच नव्हते. मुलीच्या ऑनलाइन शाळेसाठी हप्त्यावर घेतलेला मोबाइल होता. त्यावर एक जाहिरात आली: आधार आणि पॅनचा फोटो टाका, पाच मिनिटांत कर्ज. आम्ही पाच हजार मागितले. खात्यावर आले तीन हजार दोनशे. बाकीचे अठराशे कसल्या तरी फीचे म्हणून कापले होते. परत करायचे पूर्ण पाच हजार, आणि मुदत सात दिवस. म्हणजे तीन हजार दोनशेला आठवड्याचे अठराशे. शेकडा ५६, तेही आठवड्याला! हा हिशोब करायला बी.कॉम. लागत नाही. पण गळ्याशी आलेला माणूस हिशोब करत नाही, तारीख मोजतो.

सातव्या दिवशी पाच हजार नव्हते. पहिल्या अ‍ॅपची मुदत भागवायला दुसरे अ‍ॅप घेतले, दुसऱ्यासाठी तिसरे. सहा आठवड्यांत पाच अ‍ॅपे झाली. सगळी मिळून हातात आले सोळा हजार शंभर, आम्ही भरले साडेएकोणीस हजार, आणि तरी त्यांच्या लेखी चौदा हजार बाकी. अ‍ॅप घेताना एक परवानगी मागितली होती, ती न वाचताच आम्ही दिली होती. त्या एका बोटाने फोनमधले सगळे नंबर त्यांच्याकडे गेले. मग सकाळी सहापासून हिंदीत शिव्या सुरू झाल्या. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात फोन आमच्या मेहुण्यांना गेला, मुलीच्या शाळेतल्या बाईंना गेला, विहाराच्या समितीतल्या ज्येष्ठांना गेला. आमच्या फोटोखाली 'चोर' असे लिहून तो पाठवला गेला. त्या संध्याकाळी आम्ही पंचगंगेच्या घाटावर बराच वेळ बसून होतो. काय विचार करत होतो ते इथे लिहीत नाही. वाचकांनी समजून घ्यावे.

घरी आलो तर पत्नी दारातच होत्या. मेहुण्यांचा फोन येऊन गेला होता. आम्हाला वाटले, आता भांडण. त्यांनी मुलीला शेजारी पाठवले, दार लावले आणि मुलीची अर्धी कोरी वही पुढे ठेवली. म्हणाल्या, "अहो, कुणाचं किती देणं हाय ते सगळं आज सांगा. उद्या दुसऱ्याच्या तोंडनं ऐकायला नको."

रात्री दोनपर्यंत आम्ही लिहीत होतो. सावकाराचे बावीस हप्ते, तारीखवार. प्रत्येक अ‍ॅपचे आलेले, गेलेले. दुकानदार, घरभाडे, शाळेची फी, मेडिकलवाला. दोन वर्षे जे देणे छातीवर धोंड्यासारखे होते ते वहीच्या तीन पानांत मावले. दुसऱ्याचा हिशोब आम्ही रोज लिहीत होतो, स्वतःचा तेवढा लिहिला नव्हता. लिहिला असता तर तो घरात कोणाच्या तरी हाती लागला असता. सावकाराला हे पुरते ठाऊक असते. कार्ड आणि कोरे चेक ही त्याची दिखाऊ तारणे. त्याचे खरे तारण म्हणजे आपली लाज. पांढरपेशा म्हणवणाऱ्याची लाज तर जास्तच किमतीची.

त्या रात्री आमच्यातला क्लार्क जागा झाला. सरकारने परवानाधारक सावकारासाठी व्याजाचे दर ठरवून दिले आहेत. शेतकऱ्याला तारणी कर्जावर वर्षाला शेकडा ९, बिनतारणी १२. इतरांना तारणी १५, बिनतारणी १८. आम्ही सगळ्यात चढा दर धरला, शेकडा १८. अठरा हजार हाती आले, दरमहा दोन हजार भरले, तर कर्ज कधी फिटते? दहाव्या हप्त्याला, आणि तो हप्तासुद्धा पुरा दोन हजारांचा लागत नाही. आम्ही बावीस भरले होते. चव्वेचाळीस हजार. आणि त्याच्या वहीत मुद्दल वीस हजार जिथल्या तिथे!

६ सप्टेंबरला बँक उघडताच आम्ही दोघे गेलो. जुने कार्ड बंद करून नव्याचा अर्ज दिला. सावकाराकडच्या दोन चेकांचे नंबर लिहून त्यांचे पैसे देऊ नयेत असे पत्र दिले आणि त्याची पोच घेतली. तिथून सायबर पोलीस ठाण्यात गेलो. मेसेज आणि खात्याचा उतारा छापून जोडला. आमच्या ओळखीच्या सगळ्यांना आम्ही स्वतःच फोन केले: आमच्या नावाने असे असे येईल, घाबरू नका, पैसे देऊ नका. पहिला फोन करताना जीभ जड झाली होती. पाचव्या फोनला पलीकडचा माणूस हळूच म्हणाला, "आमच्यात पण हेच झालंय." अ‍ॅपवाल्यांना आम्ही नंतर एक पैसा दिला नाही. दोन आठवडे शिमगा झाला आणि मग फोन थांबले. ज्याच्या घरी आधीच कळले आहे त्याला कळवण्याची धमकी काय द्यायची?

७ तारखेला संध्याकाळी त्या माणसाचे कार्ड मशीनने परत केले. तो गेटवर आला. आमच्यासोबत वस्तीतले एक निवृत्त गुरुजी, मेहुणे आणि विहारातले दोघे तरुण उभे होते. आम्ही त्याच्या हातात वहीच्या पानांची झेरॉक्स दिली. तो हसला, मग आवाज चढवला, मग चेकवर केस टाकीन म्हणाला. गुरुजी एवढेच म्हणाले, "टाका. आम्ही पण अर्ज टाकतोय."

अर्ज कुठे टाकायचा हे आपल्या लोकांना माहीत नसते, म्हणून सविस्तर लिहितो. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ या कायद्याने सावकारीला परवाना लागतो. जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था हेच त्या कायद्याने सावकारांचे जिल्हा निबंधक, आणि तालुक्याला सहायक निबंधक. बिनपरवाना सावकारी केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. संशय आल्यास निबंधकांना झडती घेऊन कागद ताब्यात घेता येतात. कोऱ्या कागदावर सही घेणे हा गुन्हा आहे. कर्जदाराच्या मागे लागून त्रास देणे हाही गुन्हा आहे. व्याजावर व्याज लावता येत नाही आणि मुद्दलाहून जास्त व्याज वसूल करता येत नाही. परवाना नसलेल्या सावकाराच्या बाजूने कोर्ट वसुलीचा हुकूमनामा देत नाही. अर्जाला वकील लागलाच असे नाही. किती घेतले, कधी घेतले, किती दिले, काय ठेवून घेतले, धमकी कोणत्या तारखेला दिली, एवढे साध्या मराठीत लिहावे. आमच्यापाशी पावती एकही नव्हती. पण दर महिन्याच्या सात तारखेला खात्यातून सगळा पगार एकदम निघाल्याच्या बावीस ओळी पासबुकात होत्या.

त्या अर्जाची पोच घेऊन आम्ही बाहेर पडलो आणि पंधरा दिवसांत तो माणूसच गुरुजींच्या घरी आला. दोन्ही कोरे चेक आणि बंद पडलेले कार्ड टेबलावर ठेवून म्हणाला, मिटवून टाका. आम्हीही मिटवले. तेव्हा अर्ज मागे घ्यायला नको होता, असे आज वाटते. तो अजून त्याच टपरीवर बसतो.

मागे राहिली होती साधी देणी: दुकान, भाडे, फी, मेडिकल मिळून चोवीस हजार. त्यातले नऊ हजार मेहुण्यांनी बिनव्याजी दिले आणि पंधरा हजार पत्नीच्या बचत गटातून मिळाले, शेकडा दोन महिना दराने. दर फार स्वस्त नाही, पण व्याज गटातल्याच बायांच्या पदरात पडते आणि दर हप्त्याला मुद्दल उतरते. नोव्हेंबर २०२१ पासून आम्ही दरमहा दोन हजारच भरत होतो. सावकाराला देत होतो तेच दोन हजार. जुलै २०२२ मध्ये नववा हप्ता आला तो चारशे सतरा रुपयांचा. त्या दिवशी पत्नीने गोड केले.

अंगुत्तर निकायात तथागत अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगतात: संपत्ती असण्याचे, ती भोगण्याचे, कोणाचे ऋण नसण्याचे आणि निर्दोष वागण्याचे. त्याच निकायात दुसरीकडे ऋणाच्या पायऱ्याही सांगितल्या आहेत. दारिद्र्यातून कर्ज, कर्जातून व्याज, मग तगादा, मग पाठलाग, मग बंधन. वंदनेनंतर गुरुजींनी ती वाचून दाखवली तेव्हा आम्ही पायऱ्या मोजत होतो. पाचवीपर्यंत आम्ही गेलो होतो.

आता रविवारी दुपारी विहारात आम्ही आणि गुरुजी वही घेऊन बसतो. येणाऱ्यांत बाया जास्त असतात. बऱ्याच जणी एकाच वेळी चार-चार मायक्रोफायनान्स कंपन्यांच्या गटांत अडकलेल्या. सोमवारी एक हप्ता, गुरुवारी दुसरा. या कंपन्या सावकार नव्हेत, त्यांना रिझर्व्ह बँकेची परवानगी असते, म्हणून सावकारीचा अर्ज त्यांच्यावर चालत नाही. पण एप्रिल २०२२ पासून त्यांनाही नियम आहे, की घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. कंपनीचा माणूस फॉर्मवर उत्पन्न फुगवून लिहितो आणि बाई सही करते. तो आकडा आधी वाचायला आम्ही सांगतो. वसुलीवाल्याने सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही, असेही रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावले आहे. इचलकरंजीहून येणाऱ्या यंत्रमाग कामगारांची तऱ्हा वेगळी. त्यांच्या डोक्यावर मालकाची उचल असते, ती फिटेपर्यंत दुसऱ्याच्या मागावर जाता येत नाही. त्यावर आमच्यापाशी अजून नीट उत्तर नाही.

तरुण मुले येतात ती अ‍ॅपची. रिझर्व्ह बँकेच्या कामगटाने २०२१ मध्ये मोजले तेव्हा कर्ज देणारी सुमारे अकराशे अ‍ॅपे सापडली, त्यांतली सहाशे बेकायदा. सप्टेंबर २०२२ नंतर नियम कडक झाले. कर्ज देणारी बँक किंवा कंपनी कोण ते अ‍ॅपने सांगायचे, वर्षाचा पूर्ण खर्च शेकड्यात आधी लिहून द्यायचा, फोनमधल्या नंबरांना हात लावायचा नाही. २०२५ च्या जुलैपासून मान्य कंपन्यांच्या अ‍ॅपांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. यादीत नाव नसले तर त्या अ‍ॅपच्या वाटेला जायचे नाही, आणि आधीच फसला असाल तर १९३० या क्रमांकावर फोन करायचा. आम्हाला हे सांगायला चार वर्षांपूर्वी कोणी भेटले असते तर, असे मनात येते. पण कोणी भेटले असते तरी आम्ही तोंड उघडले असते का, हाही प्रश्नच आहे.

गेल्या सात तारखेला आमच्याच ऑफिसशेजारच्या खात्यातला एक कामगार त्या टपरीकडे जाताना आम्ही पाहिला. त्याला बाजूला घेऊन विचारले, घरी माहीत आहे का? तो म्हणाला, "पोरगीचं लग्न होऊ द्या साहेब, मग सांगतो." त्याला आम्ही एक कोरी वही दिली. ती त्याने घेतली, डब्याच्या पिशवीत खाली सारली आणि वरून रुमाल टाकला.